शुगर निघाली काय?

वजन कमी करणं ही खासगी बाब आहे असं ज्यांना वाटतं ते कोल्हापुरात राहिलेले नसतात. इथं पँटचा पट्टा एक भोक आत सरकला की बातमी गल्लीच्या तोंडापर्यंत आपल्याआधी पोचते. सलूनवाला आरशातून बघत विचारतो. किराणा दुकानदार तूरडाळ तोलता तोलता विचारतो. आणि ज्याचा आपला जन्मात संबंध आलेला नाही असा एखादा मोटारसायकलवाला गाडी बाजूला घेऊन, एक पाय जमिनीला टेकवून, अगदी खऱ्या काळजीनं विचारतो, "काय भावा, लई उतरलाईस. शुगर निघाली काय?"

धडधाकट माणूस, खिशात पैसे असताना आणि समोर मटणाचं ताट असताना, आपणहून कमी जेवेल ही शक्यता या प्रश्नात धरलेलीच नाही. माणूस उतरतो तो शुगरनं, टेन्शननं, नाहीतर कोर्टकचेरीनं. "नाही हो, मुद्दाम कमी केलंय, रोज चालतो," असं सांगितलं की समोरचा जरा थांबतो, खांद्यावर हात ठेवतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "असू दे. आमच्या मेव्हण्याचीबी निघालीया. गोळी तेवढी चुकवू नकोस."

हाच माणूस पाडव्याच्या आसपास आपल्या पोटाकडं बघून "काय सावकार, जोरात हाय कारभार" म्हणालेला असतो. वाढलं तरी विचारणार, घटलं तरी विचारणार, आणि जिथल्या तिथं राहिलं तर "काय फरक न्हाई बघ तुझ्यात" असं तक्रारीच्या सुरात सुनावणार. पुष्कळ लोक या चौकशीला वैतागतात. मला मात्र वाटतं की वजन उतरवण्याच्या कामी यासारखी दुसरी मदत नाही. उत्साह टिकवायचा कसा यावर दुकानांत ढीगभर पुस्तकं मिळतात आणि त्यातली बहुतेक सांगतात की प्रेरणा आतून यायला हवी. आमच्या आतून आजवर फक्त ढेकर आलेला आहे. माणसाला पहाटे अंथरुणातून उठवून रस्त्यावर आणणारी प्रेरणा बाहेरूनच येते, आणि खरं सांगायचं तर ती बऱ्याचदा कुजकट असते.

कोल्हापूरची अडचण आधी समजून घ्यायला हवी. बाकीच्या जगात वजन वाढतं. इथं ते कमवायची पद्धत होती. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, देशभरातले मल्ल इथं आणले, १९१२ साली खासबागचं मैदान बांधून पुरं झालं, आणि तेव्हापासून या गावात अंगापिंडानं भरलेला माणूस ही घराण्याची अब्रू ठरली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, यातल्या एखाद्या तालमीत पोरगा घातला की घरची एक म्हैस त्याच्या नावावर व्हायची. भल्या पहाटे जोर-बैठका, मग लाल मातीत लढती, मग थंडाई. बदाम, खसखस, मिरी, बडीशेप कुंडीत घोटून घोटून, वरनं दूध. मग तूप, मग मटण. हे सगळं पचायचं, कारण पोरं जोर आणि बैठका शेकड्यानं नव्हे, हजारानं मारायची.

रंकाळा तळ्यावर सकाळी चालणाऱ्या आमच्या ग्रुपातले आबा या परंपरेतले. ऐन उमेदीत गुडघा गेला. कुस्ती सुटली, जोर सुटले, बैठका सुटल्या. खुराकानं मात्र आबांची साथ सोडली नाही. "इमानदार हाय बिचारा," असं आबा खुराकाबद्दल बोलतात. आबा संध्यामठाच्या बाजूला बाकावर टेकले की त्या बाकावर दुसऱ्या कुणाला बसायचा अधिकार उरत नाही. डॉक्टरांनी त्यांना वजन कमी करायला सांगितलं तेव्हा आबांनी शांतपणे विचारलं होतं, "कुणासाठी?"

प्रश्न वाटतो तेवढा वेडगळ नाही. वजन कशासाठी वाढवायचं हे आबांना ठाऊक होतं. समोर जोड होता, मैदान होतं, हलगी होती, फेटा मिळणार होता. वजन उतरवण्यात समोर कुणीच नाही. ज्याला चीत करायचं तो आपल्याच शर्टात बसलेला. असल्या कुस्तीला कोण तिकीट काढून येणार?

आता याच मातीत खाशाबा जाधव होऊन गेले हे आम्ही सोयीनं विसरतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे, इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं. त्यांचा गट होता ५७ किलोचा. सत्तावन्न! आमच्या ग्रुपात सत्तावन्न किलोचा एकच माणूस आहे आणि त्याला आम्ही काडी म्हणतो.

काडीबद्दल सांगितलं पाहिजे. तो चालायला येत नसे, चालणाऱ्यांना बघायला येत असे. पदपथ उद्यानाच्या कठड्यावर बसून, हातात कागदी कपातला चहा घेऊन, घाम पुसत येणाऱ्या प्रत्येकाला तो "अजून किती उरलंय?" असं विचारायचा. अंतराबद्दल नव्हे, पोटाबद्दल. हे बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी आमच्यातल्या निवृत्त विज्ञान शिक्षकांनी, ज्यांना सगळं गाव सर म्हणतं, त्याच्याशेजारी बसून त्याला एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. दोघंही अंगानं सडपातळ. उंची आणि वजनाचा मेळ घालून जो बीएमआय काढतात तो दोघांचाही तंतोतंत २२.३. आणि मशिनीत घालून चरबी मोजली तर युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२. भारतीय माणूस बारीक दिसतो, पण त्याची चरबी आत, पोटात, आतड्याच्या आसपास दबा धरून बसते. म्हणून तर इतरांना बीएमआय पंचविसाच्या पुढं गेल्यावर जादा वजनाचं म्हणतात, आपल्याला तेविसाच्या पुढंच म्हणायचं असं आपल्याकडच्या डॉक्टरांनी ठरवलं आहे.

"म्हंजे?" काडी म्हणाला.

"म्हणजे तू बाहेरनं काडी, आतनं आबा," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काडी चालायला लागला. विचारलं तर म्हणतो, हवा खायला येतो. जे काम डॉक्टर, बायको आणि आरोग्य विम्याचा एजंट यांना जमलं नव्हतं ते एका टोमण्यानं केलं. त्यात सरांना शैक्षणिक समाधान मिळालं आणि बाकीच्यांना त्याहून बरंच जास्त.

सुरुवात करणं हा मुळात आपल्याकडं प्रश्नच नाही. सुरुवातीच्या बाबतीत आपण जगाच्या पुढं आहोत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला, तसंच वाढदिवस झाल्यावर, माणसं जास्त संख्येनं जिमकडं वळतात. नवा दिवस उजाडला की जुना आळशी माणूस मागं राहिला, आता आपण वेगळे, असं मनाला वाटतं म्हणे. बिचाऱ्यांकडं सोमवार, पहिली तारीख आणि एक जानेवारी एवढंच भांडवल. आपल्याकडं पाडवा आहे, अक्षय्य तृतीया आहे, घट बसतात तो दिवस आहे, दसरा आहे, दिवाळीचा पाडवा वेगळा आहे, आणि ज्याला कुठलाच जमला नाही त्याच्यासाठी रथसप्तमीला सामुदायिक सूर्यनमस्कार आहेत. इतके मुहूर्त असल्यावर माणूस सतत सुरूच करत राहतो. मधल्या काळात काय करायचं याला मुहूर्त नाही, म्हणून ते राहून जातं.

बरं, मुहूर्ताच्या मागोमाग काय येतं तेही बघा. पाडव्याला चालायचा नेम धरावा तर चैत्रात जोतिबाची यात्रा, नातेवाइकांचा राबता. मग आंबे. मग लग्नं. ज्येष्ठ संपतो न संपतो तोवर आषाढ. बाकीच्या महाराष्ट्रात आषाढ म्हणजे वारी. कोल्हापुरात त्याशिवाय गल्लीगल्लीतून नव्या पाण्याच्या घागरी घेऊन, पी-ढबाक वाद्यांच्या ठेक्यावर त्र्यंबोलीच्या टेकडीकडं निघालेल्या मिरवणुका. आणि मिरवणूक परतली की घरोघरी मटण. एका घरी नाही, घरोघरी. ज्यांच्याकडं जात नाही ते वर्षभर बोलत नाहीत. "श्रावणापासून नक्की" असं म्हणून माणूस तांबड्यात भाकरी कुस्करतो. श्रावणात मटण नसतं, साबुदाणा असतो. त्याबद्दल एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणणाऱ्या पूर्वजांना कॅलरीचं गणित आपल्याहून चांगलं कळत होतं.

आहाराच्या पंथांबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावरून घरं फुटलेली मी पाहिली आहेत. काही वर्षांपूर्वी मराठी मध्यमवर्ग उभा दुभंगला होता. एक बाजू डॉ. जगन्नाथ दीक्षितांची: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरकायचं, मधे तोंडात काही टाकायचं नाही, आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसरी बाजू ऋजुता दिवेकरांची: थोडं थोडं, दर दोनेक तासांनी, घरचं, तुपासकट. दोन्हीकडं शिस्त आहे आणि दोन्हीकडं चांगली उतरलेली माणसं मी बघितली आहेत. पण कोल्हापुरी आग्रहापुढं कुठल्याही पंथाचा टिकाव लागत नाही. आमच्यातल्या एका दीक्षितवाल्याला एका वास्तुशांतीला जेवायला बोलावलं होतं. त्यानं ताटावर बसतानाच घड्याळ लावलं, म्हणजे पंचावन्न मिनिटांचा नियम पाळता येईल. यजमानीणबाईंनी नियम नीट समजून घेतला. विसाव्या मिनिटाला तो हात धुवायला उठणार तोच त्या पांढऱ्या रस्स्याचं भांडं घेऊन समोर उभ्या राहिल्या. "दाजी, अजून पस्तीस मिनिटं हाईत की! एवढ्यात कुठं निघाला?" भला माणूस खाली बसला. नियम मोडायचा नाही म्हणून बसला.

रंकाळ्याचं गणित त्याहून अवघड आहे. ऐंशी किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या चालीनं तासभर चालला तर अडीचशे-तीनशे कॅलरी जळतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. भागाकार ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर करावा. आमच्या सरांनी तो एकदा वाळूत काटकीनं करून दाखवला आणि आबा तिथूनच रिक्षानं घरी गेले. त्यात शहराची रचना अशी की तळ्यावरून गावात यायचं तर वाटेत गंगावेशीचा दूध कट्टा. समोर म्हैस बांधलेली, गवळ्याच्या गुडघ्यात पातेलं, आणि धार काढली की ती फेसासकट थेट पेल्यात. पेला तोंडाला लावला की मिशीवर पांढरी रेघ उमटते. ती रेघ पुसायची नसते, ती मिरवायची असते. म्हशीच्या दुधात साधारण सात टक्के स्निग्धांश. अर्धा लिटर म्हणजे पाचशेच्या घरातल्या कॅलरी. तासभर घाम गाळून जे कमावलं ते कट्ट्यावर चार घोटांत परत, वर व्याज. पण हे दूध पिणाऱ्याला तुम्ही बोलून बघा. "धारोष्ण हाय. ह्यानं वजन वाढत न्हाई, ताकद वाढती," असं उत्तर येतं, आणि उत्तर देणाऱ्याचे दंड बघता वाद पुढं नेण्यात अर्थ नसतो.

घरातला वजनकाटा हे आणखी एक प्रकरण. पूर्वी रेल्वे स्टेशनवर काट्याचं मोठं यंत्र असायचं. लाल-पिवळे दिवे, आत फिरणारं चक्र. नाणं टाकलं की खट् करून पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन वाचून वाईट वाटलं तर तिकीट उलटायची सोय होती, आणि तिथं हमखास लवकरच भाग्योदय होणार असायचा. न्हाणीघराबाहेरच्या आताच्या काचेच्या काट्याला दुसरी बाजूच नाही. त्यावर उभं राहायचे विधी आहेत. सकाळी, अनशापोटी, पोट साफ झाल्यावर, अंगावर कमीत कमी कपडे. हातातलं कडं काढायचं, गळ्यातली साखळी काढायची, शेवटी चष्माही काढायचा. चष्मा काढला की आकडा दिसत नाही, म्हणून बायकोला हाक मारायची. ती हातातला उलथना घेऊन येते, वाकून बघते आणि "काल होतं तेवढंच" म्हणून पोळीकडं परत जाते. या तीन शब्दांत उत्साह मारायची जी ताकद आहे ती भल्याभल्या टीकाकारांत नसेल.

वास्तविक तिचं काही चुकत नाही आणि काट्याचंही नाही. माणसाचं वजन दिवसभरात किलो-दोन किलो इकडं तिकडं होतं. पाणी, मीठ, पोटातलं अन्न. सुरुवातीच्या आठवड्यात जे झपाट्यानं उतरतं त्यातही पाण्याचा वाटा मोठा. शरीरात साठवलेल्या पिष्टाला तिप्पट पाणी चिकटलेलं असतं. पिष्ट खर्ची पडलं की पाणी जातं. माणसाला वाटतं चरबी गेली. तो पेढे वाटतो. पुढं काटा थांबतो, कारण अंग हलकं झालं की त्याला इंधनही कमी लागतं, आणि वर ते कंजूषपणाही शिकतं. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाच्या टीव्हीवरच्या स्पर्धेत शेकडो पौंड उतरवायची चढाओढ लागायची. त्यातल्या चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, तर बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं, आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी कमीच जाळत होतं. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी आधीच सांगत हुतो, घाई करू नगासा." आबांनी आजवर कुठल्याच बाबतीत घाई केलेली नाही.

हल्ली तर काट्याच्या जोडीला मनगटावर घड्याळ आलं. दिवसाला दहा हजार पावलं. हा आकडा कुठल्या ऋषिमुनींनी किंवा डॉक्टरांनी दिला असेल असं वाटतं. तो १९६५ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालेलं, लोकांना चालायची हुक्की आलेली, कंपनीला गोल आकडा हवा होता. पुढं २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्कर बायकांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की साडेसात हजारांच्या आसपास फायदा जवळजवळ थांबतो, आणि अगदी साडेचार हजारांच्या घरात चालणाऱ्याही त्याहून कमी चालणाऱ्यांपेक्षा बऱ्या असतात. ही बातमी मी मोठ्या आनंदानं ग्रुपला सांगितली. पण घड्याळवाल्यांना ती पटली नाही. रात्री अकराला गॅलरीत येरझारा घालून पावलं पुरी करणारा माणूस आमच्या समोरच्याच इमारतीत आहे. उरलेली भरतीची पावलं तो दात घासताना करतो. त्याच्या बायकोनं एकदा घड्याळ पोराच्या पायाला बांधून त्याला मैदानावर पाठवलं होतं; त्या दिवशी साहेबांचा विक्रम झाला.

सवयीबद्दलही असाच एक आकडा बाजारात फिरतो. एकवीस दिवस. एकवीस दिवस करा, मग आपोआप होतं. हे मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० सालच्या पुस्तकात लिहिलेल्या निरीक्षणावरून पसरलं, आणि ते मुळात नाक बदललेल्या माणसाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किती दिवस लागतात याबद्दल होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पुढं प्रत्यक्ष माणसं घेऊन मोजलं तेव्हा सरासरी निघाली सहासष्ट दिवसांची. कुणाला अठरा दिवस पुरतील, तर कुणाला दोनशे चोपन्न लागतील असा हिशेब. मला यात दिलासा वाटतो. एकविसाव्या दिवशी अंथरूण सुटत नसेल तर ते आपल्यातलं व्यंग नाही, तो नुसता एकविसावा दिवस आहे.

तालमीत हे प्रश्न कधी आले नाहीत, कारण तिथं वस्ताद असतो. पहाटे पोरगा उठला नाही तर वस्ताद त्याला प्रेरणा देत नसे, काठी देत असे. "आज मूड नाही" हे वाक्य गंगावेशीच्या मातीत कुणी उच्चारल्याची नोंद नाही. मोबाइलवर सकाळी सकाळी दात दाखवत "तुम्ही करू शकता" म्हणणारे वक्ते आणि वस्ताद यांच्यातला फरक एवढाच की वक्त्याला तुम्ही आलात की नाही हे कळत नाही. वस्तादाला कळतं. आणि वर्षाचं पॅकेज घेऊन जिममध्ये न जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं? तुमच्या न येण्यावरच तर ती जागा सगळ्यांना पुरते.

आमच्या ग्रुपाला वस्ताद नाही. आमच्याकडं दंड आहे.

ही कल्पना कुणाची यावर वाद आहे. दावेदार तीन. नियम असा की कारण न सांगता सकाळी जो चुकेल त्यानं येत्या रविवारी सगळ्यांना मिसळ घालायची. डॉक्टरमंडळी हसतील. चालायला न आल्याची शिक्षा म्हणून कट, फरसाण आणि ब्रेडच्या जाड स्लाइस! पण यामागचं शास्त्र वर सांगितलेल्या पेनसिल्व्हेनियातच नंतर सापडलं. तिथल्या डॉक्टरांनी नोकरदार लोकांना रोज सात हजार पावलं चालायला सांगितलं. काहींना चाललं तर बक्षीस. काहींच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर टाकले आणि न चाललेल्या प्रत्येक दिवसाचे १.४० डॉलर काढून घेतले. बक्षीसवाले नुसत्या बघणाऱ्यांपेक्षा फार पुढं गेले नाहीत. ज्यांच्या खिशातून जात होतं ते मात्र उठले आणि चालले. २०१६ चा अभ्यास. माणसाला मिळणाऱ्यापेक्षा जाणारं जास्त बोचतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एक गोष्ट मात्र तपासलीच नाही: जाणारं कुणाच्या पोटात जातंय. डॉलर बँकेत परत गेला तर माणूस हळहळतो. पण आपल्या पैशांची मिसळ समोर बसून काडी खातोय, वर जादा कट मागतोय आणि "वाढा, शेठनी भरलंय" म्हणतोय, हे चित्र नुसतं डोळ्यांपुढं आलं तरी पांघरूण आपोआप बाजूला होतं.

त्यामुळं कारणांची काटेकोर तपासणी होते. "पाहुणे आले" चालत नाही. पाहुण्यांनाही घेऊन या. "ताप" चालतो, पण सर थर्मामीटरचा फोटो मागतात. "लाइट गेली, गजर वाजला नाही" असं सांगणाऱ्याला मोबाइल विजेवर नाही, बॅटरीवर चालतो हे समजावून मग मिसळ खाल्ली जाते. बायकांचा एक वेगळा ग्रुप शालिनी पॅलेसच्या बाजूनं उलट दिशेनं फिरतो. त्यांनी आमचा नियम ऐकला आणि त्यात एक सुधारणा केली: चुकणारीच्या नवऱ्यानं पोहे करून आणायचे. त्यांच्यात गैरहजेरी वाढली.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रभर झोडपत होता. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठल्याची बातमी पहाटेच मोबाइलवर आलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा दिवशी प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब असतो: बाकीचे येणार नाहीत, आपण गेलो तर सगळ्यांच्या मिसळी आपल्या. रंकाळ्याच्या टॉवरखाली छत्री मिटत मी पोचलो तर काडी आधीच तिथं, प्लॅस्टिकच्या खोळीत. मागून सर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. मग एकेक करत बाकीचे. एकमेकांना बघून कुणाच्याच चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. शेवटी रिक्षा थांबली आणि तिच्यातून, जरा वेळ घेत, आबा उतरले.

"कोण न्हाई आलं?" आबांनी उतरता उतरताच विचारलं.

"सगळे आलेत."

"सगळे?" आबांनी मोजून बघितलं. दोनदा मोजलं. "मग मिसळ?"

पाऊस कोसळत होता, वातावरण मिसळीचं होतं आणि दंड भरायला माणूस नव्हता. वर्गणी काढू, असं सर म्हणाले. वर्गणी सारखी काढायची की खाण्याच्या मानानं, हा मुद्दा काडीनं काढला आणि काढताना तो आबांकडं बघत होता. आबा म्हणाले, वजनाच्या मानानं काढा, म्हंजे वजन कमी करायला कायतरी कारण हुईल. काडी म्हणाला, मग मला फुकट द्यावी लागंल. सरांनी बीएमआयप्रमाणे काढायचं सुचवलं. त्यावर आतल्या चरबीचं काय, असं कुणीतरी विचारलं आणि काडीचा आवाज चढला. भांडण उभ्यानं नीट होत नाही म्हणून मंडळी चालायला लागली. छत्र्या एकमेकांत अडकत होत्या. निम्म्या वाटेवर वर्गणी माणशी सारखी असं ठरलं, मग जादा पावाचे पैसे वेगळे का धरायचे यावरून ठराव मोडला, आणि मिसळवाल्याच्या दारापर्यंत पोचलो तरी निकाल लागला नव्हता, म्हणून आणखी एक फेरी मारायला परत फिरलो.